पहिल्या दिवशीचा ताण

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात माणूस रेडिओ घेऊन येतो, पण त्याची तक्रार बऱ्याचदा रेडिओबद्दल नसते. आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडचे एक म्हातारे शेतकरी मला आठवतात. दुष्काळाचे दिवस होते. उपरण्यात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "महिना झाला, रोज पाऊस पडंल म्हणून सांगतोय. आत कायतरी ढिलं झालंय बघ." मी उघडून बघितला, तर बॅटरीची स्प्रिंग खरंच ढिली झाली होती. ती ताणून दिली. पुढच्या आठवड्यात म्हातारबुवा पुन्हा हजर. म्हणाले, "आवाज लई झकास झाला. पर खोटं बोलायचं काय बंद झालं न्हाय."

धाराशिवात तीस-बत्तीस वर्षं मी हे दुकान चालवलं. सरकारी कागदावर आणि एसटीच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबाद असायचं, पण खेड्यातून येणारा माणूस धाराशिवलाच यायचा. व्हॉल्व्हचे जुने रेडिओ, ट्रान्झिस्टर, पुढे टेपरेकॉर्डर, आणि सभांचे भोंगे. त्या काळात जिल्ह्यात सहकारी सोसायट्यांचं पीक पावसापेक्षा बरं यायचं, त्यामुळे भोंग्यांना तोटा नव्हता. एका दूध सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष बोलत असताना भोंगा खणखणीत वाजायचा आणि सभासद प्रश्न विचारायला उठला की बंद पडायचा. दोन वर्षं मी बिचारा तारा तपासत बसलो. तिसऱ्या वर्षी समजलं की एक बटण अध्यक्षांच्या चपलेखाली आहे. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि तारेतला दोष मी त्याच दिवशी कायमचा काढला. पुढच्या वर्षी त्यांनी भोंगे दुसरीकडून मागवले.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण आयुष्यात केलेलं एकच काम छातीवर हात ठेवून सांग असं कुणी म्हटलं, तर मी एका हेडफोनचं सांगेन. ते सांगायचं तर आधी माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना दादा म्हणत असू.

दादांनी डफडं सोडलं. बेंबळीच्या अलीकडे आमचं गाव. गावच्या जत्रेला, लग्नाला, मयतीला डफडं वाजवणं हे आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. वाजवायचं ते मांडवाबाहेर उभं राहून, बोलावतील तेव्हा, थांब म्हणतील तेव्हा थांबायचं. नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, मग आमच्या वस्तीनंही धम्म स्वीकारला, आणि वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि डफडं वाजवायचं नाही. दादांनी आपलं डफडं भिंतीवरून काढलं, त्याचं कातडं चाकूनं फाडलं आणि रिकामं कडं ओढ्यात टाकून दिलं. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. कातडं फाटतानाचा आवाज मला अजून ओळखता येईल.

गावानं त्याचा राग काढला. शेतावर कुणी बोलावेना, विहिरीवर पाणी घेऊ देईनात. आम्ही धाराशिवला आलो. दादांनी हमाली केली, बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि मला आयटीआयमध्ये घातलं. त्या सगळ्या वर्षांत डफड्याचा 'ड' त्यांच्या तोंडून निघाला नाही. लग्नाची वरात रस्त्यानं निघाली की ते उठून घराच्या मागच्या खोलीत जायचे. माझ्या दुकानामागेच आमचं घर होतं. दोन्हींच्या मधे एक दार.

आता हेडफोनकडे येतो. ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका सहकारी सूतगिरणीत रंगराजन नावाचे साहेब होते. कोइमतूरचे. सूत कसं काढायचं हे शिकवायला गिरणीनं त्यांना तीन वर्षांच्या करारावर आणलं होतं. उंच, काटकुळे, पांढरी पँट नेहमी कापसाच्या तंतूंनी भरलेली. मराठी पुस्तक वाचून शिकल्यासारखं बोलायचे. पूर्वी मशिनरीच्या प्रशिक्षणासाठी परदेशी गेले असताना त्यांनी तिथून एक हेडफोन आणला होता. एके दिवशी तो घेऊन ते दुकानात आले.

"मिस्त्री, डावा कान मेला आहे," ते म्हणाले. "मुंबईचे लोक म्हणतात फेकून द्या. तुम्ही उघडून पाहा."

"साहेब, असला मी कधी उघडला नाही."

"मुंबईच्या लोकांनी पण नाही. ते फक्त सांगत नाहीत."

हा माणूस मला तिथल्या तिथे आवडला. साहेब दिवसभर गिरणीच्या खोलीत उभे असायचे. सूत कातणाऱ्या हजारो चात्या एकदम फिरताना जो आवाज होतो तो ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत. ते म्हणाले, "आठ तास माझ्या कानावर दगड पडतात. संध्याकाळी अर्धा तास हा लावतो, तेव्हा कळतं की कान अजून आहेत." दीड महिन्यानं त्यांचा करार संपत होता आणि ते कायमचे गावी जाणार होते. त्याआधी दोन्ही कान जिवंत करून द्यायचे होते.

मी उघडला आणि बघतच राहिलो.

साध्या हेडफोनमध्ये, किंवा सभेच्या भोंग्यात म्हणा, एक लोहचुंबक असतो, तारेची एक गुंडाळी असते, आणि ती गुंडाळी एका पडद्याला ढकलते. ढकलणारा एका जागी, पडदा त्याच्या पुढे. ह्यात तसलं काही नव्हतं. भोकं पाडलेल्या दोन धातूच्या चकत्या समोरासमोर, आणि त्यांच्या मधे प्लास्टिकचा एक पडदा, इतका पातळ की फुंकर मारली तर थरथरावा. कांद्याच्या आतला पापुद्रासुद्धा त्याच्यापुढे घोंगडी वाटेल. त्या पडद्यावर काहीशे व्होल्टची वीज साठवून ठेवलेली असते. दोन्ही बाजूंच्या चकत्यांवर गाण्याची वीज आली की एक चकती त्याला ओढते आणि दुसरी ढकलते, तेही सगळ्या अंगाला एकदम. त्यामुळे आवाज इतका स्वच्छ येतो की गाणाऱ्यानं श्वास घेतलेला कळतो.

पण त्याची सगळी गंमत आणि सगळं दुखणं एकाच गोष्टीत आहे. पडदा किती ताणलाय! सैल राहिला तर वीज त्याला ओढून घेते आणि तो एका चकतीला जाऊन चिकटतो, मग चटचट आवाज येतो आणि कान मरतो. फार आवळला तर चिकटत नाही, पण हलतही नाही, मग बारीक आवाज तेवढे उरतात आणि खालचे भारी आवाज नाहीसे होतात. शिवाय डावा आणि उजवा दोन्ही अगदी सारखे ताणलेले हवेत, नाहीतर गाणारा माणूस एका कानाकडे सरकून बसतो. आणि एकदा नीट ताणला म्हणजे झालं असंही नाही. तो तसाच राहायला हवा, वर्षानुवर्षं, आमच्या इकडच्या उन्हाळ्यात.

साहेबांचा डावा पडदा सैल पडून चिकटला होता आणि ठिणगी पडून त्याला भोक गेलं होतं. नवा पडदा हवा. तो बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. साहेबांनीच गिरणीतला एक जळका मोठा कपॅसिटर आणून दिला. कपॅसिटरच्या पोटात अशाच प्लास्टिकची वीतभर रुंद पट्टी गुंडाळलेली असते, तेलात भिजलेली. मी ती रॉकेलनं पुसली, मग कपडे धुण्याच्या पावडरीनं धुतली. माझी पत्नी कमल तेव्हा उशांचे अभ्रे भरत होती, तिची कशिद्याची गोल रिंग मागून आणली. रिंगमध्ये प्लास्टिक धरलं, कडेकडेनं ओढत ताणलं, पेन्सिलीच्या शिशाची पूड कापसानं अगदी हलकी घासली म्हणजे वीज त्यावर पसरते, आणि मग चौकटीला चिकटवून टाकलं. काम सकाळी संपलं. लावून बघितलं तर दोन्ही कान बोलत होते. मला इतका आनंद झाला की ताबडतोब सायकल काढून हेडफोन साहेबांना गिरणीत नेऊन दिला.

आठ दिवसांनी साहेब परत आले. "मिस्त्री, पुन्हा मेला."

दुसऱ्यांदा मी चांगला आवळला. साहेबांनी दुकानातच लावून ऐकला, डोळे मिटले, मग उघडले. "तबला आहे, डग्गा नाही," म्हणाले. ही तक्रार कुठल्याही मीटरनं यापेक्षा बरी सांगितली नसती.

तिसऱ्यांदा मी जी चूक केली ती माझ्याच घरातला माणूस करू शकतो. ताणलेला पडदा दुपारपर्यंत जरा सैल वाटला. मी काही विचार न करता तो रिंगसकट उचलला आणि दुकानाच्या पत्र्यावर उन्हात नेऊन ठेवला. लहानपणी बघितलेलं हातात उतरलं होतं. डफडं सैल पडलं की दादा पाचटाचा जाळ करून त्यावर शेकायचे, कातडं टणक व्हायचं आणि थाप कडक यायची. पण हे कातडं नव्हतं. मे महिन्याचं ऊन, तापलेला पत्रा, तासाभरानं खाली आणला तर पडदा आणखी सैल. मी परत ताणला, एक फाटला तर दुसरा असावा म्हणून कमलच्या दुसऱ्या रिंगमध्ये आणखी एक ताणला, आणि दोन्ही परत उन्हात ठेवले. शिकलेला मिस्त्री मी! भिंतीवर आयटीआयचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं.

पडदा किती ताणलाय हे बघायचा माझ्याकडे एकच उपाय होता. नखानं टिचकी मारायची आणि कान लावायचा. दिवसभर दुकानात टक, टक, टक. चौथ्या दिवशी कमल मधल्या दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, ते टकटक जरा भायेर जाऊन करा की. दादा दोन दिस झालं नीट जेवलं न्हाईत. नुस्तं भिंतीकडं बघत बसत्यात."

मला कळलं की मी काय करत होतो. जो आवाज सोडल्यामुळे त्यांना गाव सोडावं लागलं, तोच आवाज मी भिंतीपलीकडून त्यांना चार दिवस ऐकवत होतो. आणि खरं सांगायचं तर चारही दिवस माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हे दादांना विचारलं तर ते एका क्षणात सांगतील. पंचक्रोशीत त्यांच्यासारखं डफडं बांधणारा कुणी नव्हता असं जुने लोक म्हणायचे. पण विचारायचं कसं? जे त्यांनी चाकूनं फाडलं ते मी त्यांच्यापुढे परत नेऊन ठेवायचं? तेही कुणा साहेबाचं काम अडलंय म्हणून?

मी ठरवलं की विचारायचं नाही. साहेबांना सांगून टाकू की जमत नाही. मी हत्यारं आवरायला लागलो.

तेवढ्यात मधल्या दारातून आवाज आला. "दोन्ही सारखं बोलंनात."

दादा उंबऱ्यावर उभे होते. दुकानात आले नव्हते. एक हात चौकटीवर.

मी म्हणालो, "दादा, चुकलं माझं. हे आता बंदच करतो."

"बंद कशापायी? म्या चार दिस ऐकतोय. तू रोज सकाळी ताणतोस, सकाळी चांगलं बोलतंय. दुपारी उतरतंय. उन्हात ठेवलंस का पार बसतंय. व्हय का न्हाय?"

"होय."

"मग उन्हात कशाला ठेवतोस? ते कातडं हाय व्हय?"

ते तसेच उंबऱ्यावरून बोलत राहिले, माझ्याकडे न बघता, त्या रिंगांकडे बघत.

"आनि ओढतोस कसा? एका कडंनं सुरू करून गोल गोल. तसं केलं का पयली बाजू आवळती आनि शेवटची सैल ऱ्हाती. समोरासमोर ओढावं. इकडं एक ओढलं का तिकडं एक. मग आडवं. मंग कडंनं फिरत फिरत टिचकी मारायची, मधी न्हाय, कडंला. जिथं आवाज बसका, तिथं सैल."

सायकलचं चाक कसणाऱ्यालासुद्धा हे माहीत असतं. मला ते कळायला पंधरा दिवस आणि वडील लागले.

मी विचारलं, "आणि दादा, सकाळी चांगला असतो, मग उतरतो का?"

"नवं हाय म्हणून. पयल्या दिवशीचा ताण खरा धरायचा न्हाय. कुठलंबी नवं ताणलं का ते पयल्या दिवशी तुला खूश करतंय. त्येला जरा जास्तीच ताण आनि तीन दिस तसंच सावलीत ठेव. त्येला जेवढं सैल पडायचं तेवढं पडू दे. मंग जे उरंल ते खरं. त्येच्यावर जोड."

मी टेबलावरच्या दोन्ही रिंगा उचलल्या आणि त्यांच्यासमोर धरल्या. उंबऱ्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते. त्यांचा हात चौकटीवरून निघाला आणि हवेतच थांबला. मी रिंगा मागे घेणार होतो, पण ते म्हणाले, "थांब जरा."

मग स्वतःलाच समजावत असल्यासारखं बोलले, "ह्ये काय मेलेल्या ढोराचं न्हाय. वाजीव म्हणून कुणाचा हुकूम न्हाय. मांडवाभायेर उभं ऱ्हायाचं न्हाय. मंग हात लावायला काय हरकत न्हाय."

आणि उंबरा ओलांडून दादा दुकानात आले, माझ्या स्टुलावर बसले, आणि करंगळीच्या नखानं त्यांनी पडद्याला एक टिचकी मारली. पंचवीस वर्षांनी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

त्यानंतरचे पाच दिवस माझ्या धंद्यातले सगळ्यात चांगले दिवस. कमलच्या आणखी दोन रिंगा घेऊन दोघांनी मिळून चार पडदे ताणले. समोरासमोर ओढत, कडेकडेनं ऐकत. ते सांगायचे, मी करायचो. माझी बोटं जाड पडतात म्हणून कधी ते स्वतःच ओढायचे. खडी फोडून त्यांचे हात दगडासारखे झाले होते, पण त्या पापुद्र्याला एक चुणी पडली नाही. तीन दिवस रिंगा घरात, पाण्याच्या रांजणाशेजारी गारव्याला ठेवल्या. रोज सकाळी दादा जाऊन टिचकी मारायचे आणि मान हलवायचे, अजून न्हाय. पहिल्या दिवशी उतरला, दुसऱ्या दिवशी थोडा उतरला, तिसऱ्या दिवशी जागेवर राहिला. चारांतले दोन अगदी सारखे बोलणारे त्यांनी निवडले. मी मीटर लावून, वेगवेगळे सूर सोडून तपासले. दोघांत फरक सापडेना. मी एवढंच केलं की उजव्या बाजूचा जुना चांगला पडदाही काढून टाकला आणि दोन्हीकडे आमचेच बसवले. एक नवा, एक जुना अशी जोडी सारखी म्हातारी होत नाही, हेही त्यांचंच म्हणणं.

जोडून झाल्यावर मी टेप लावला. सनई-चौघड्याची कॅसेट दुकानात होती. हेडफोन दादांच्या कानाला लावला. ते एकदम ताठ झाले आणि मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"वाजवणारा कुठं बसलाय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. हेडफोन लावलेला माणूस मोठ्यानंच बोलतो.

मी त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आमाला मांडवाच्या भायेर उभं करायचे. ह्यो तर पार आत येऊन बसलाय." आणि हसले. मी त्यांना असं हसताना फार वेळा बघितलेलं नाही.

इथपर्यंत सगळी अभिमानाचीच गोष्ट आहे. पुढचं सांगताना मात्र मान खाली जाते.

रंगराजन साहेब हेडफोन न्यायला आले. उभ्याउभ्यानंच लावला आणि डोळे मिटले. या खेपेला डोळे उघडायला त्यांना वेळ लागला. म्हणाले, "मिस्त्री, हा नवा होता तेव्हा असा नव्हता. हे कोणी केलं?"

मधलं दार उघडं होतं. दादा आत खाटेवर बसलेले मला दिसत होते. साहेबांना दिसत नव्हते. मला सरळ म्हणता आलं असतं, माझ्या वडिलांनी. पण मग साहेब विचारणार, वडील काय करतात, त्यांना हे कसं येतं? मग डफडं सांगावं लागणार. भिंतीवर सर्टिफिकेट आणि समोर साहेब. मी म्हणालो, "मीच केलं साहेब. मीटरवर जुळवलंय."

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. ते गेल्यावर मी आत बघितलं. दादा खाटेवर नव्हते, मागच्या खोलीत गेले होते. ते काही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. जेवायला बसलो तेव्हा कमलनं माझ्या ताटात भाकरी वाढली ती जरा आपटूनच.

साहेब कोइमतूरला गेले. दर वर्षी त्यांचं एक पत्र यायचं, इंग्रजीत, एवढंच की दोन्ही कान सारखे आहेत. पहिला उन्हाळा गेला, दुसरा गेला, चौथा गेला. परदेशातल्या कंपनीचा पडदा आमच्याकडे टिकला नव्हता. दादांचा टिकला. प्रत्येक पत्र मला आनंदाचं आणि लाजेचं एकदम यायचं. प्रत्येक वेळी मी ते दादांना वाचून दाखवायचो आणि प्रत्येक वेळी ते विचारायचे, "सैल न्हाय ना पडलं?" मी म्हणायचो, न्हाय. ते मान हलवायचे.

मग एका वर्षी जरा लांब पत्र आलं. त्यांच्या ओळखीच्या एका कारखानदाराला हेडफोन बनवायचे होते. पडदे दोन महिन्यांत सैल पडत होते. साहेबांनी लिहिलं होतं, मिस्त्री, तुमची पद्धत कृपा करून सविस्तर लिहून पाठवा, आणि ही विद्या तुम्ही कुणाकडून शिकलात तेही कळवा.

मी ते पत्र दादांसमोर ठेवलं. तेव्हा ते सत्तरीकडे आले होते, दिसायला कमी झालं होतं, कान मात्र तसेच. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी खोटं बोललो. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"आता मला तुमचं नाव लिहायचंय. डफड्याचंही लिहावं लागेल. तुमची परवानगी असेल तरच लिहीन. नाहीतर पद्धत तेवढी पाठवतो, नाव कुणाचंच नको."

मला वाटलं नको म्हणतील. म्हणायचा त्यांना हक्क होता. ज्या गोष्टीनं माणूस आयुष्यभर ओळखला जाऊ नये म्हणून धडपडला, तीच कागदावर त्याच्या नावापुढे लिहायची. शेवटी ते म्हणाले, "लिही. पर उलटं लिहू नगंस."

"उलटं म्हणजे?"

"लोक काय म्हणतात? ह्यो डफडंवाला व्हता, मंग सोडलं. तसं न्हाय लिहायचं. आधी लिही, माझ्या बापानं डफडं सोडलं. कुणी सोडवलं न्हाय, सोता सोडलं. ते झाल्यावर मंग लिही, त्येला ते लई चांगलं येत व्हतं. येत न्हवतं म्हणून सोडलं न्हाय, ह्ये त्येला कळाया पायजे."

मी तिथेच बसून पत्र लिहिलं. माझं इंग्रजी आयटीआयपुरतं, पण ती दोन वाक्यं मी पाच वेळा लिहून काढली. पहिलं, माझ्या वडिलांनी डफडं स्वतःहून सोडलं. दुसरं, ते वाजवण्यात आणि बांधण्यात पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा कुणी नव्हता. त्याखाली दादांचं पूर्ण नाव. मग पद्धत. समोरासमोर ओढा, कडेनं ऐका, उन्हात ठेवू नका, पहिल्या दिवशीचा ताण खरा धरू नका.

लिहून झाल्यावर मराठीत अर्थ सांगत दादांना वाचून दाखवलं. पद्धतीचं ऐकताना त्यांनी एके ठिकाणी दुरुस्ती सांगितली, तीन दिवस सावलीत नाही, तीन दिवस गार सावलीत. ती केली. कागद घडी घालून पाकिटात ठेवायला लागलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब," म्हणाले. "पुन्यांदा वाच. वरच्या दोन वळी तेवढ्या."